ताट वाजवून पाहिलं होतं

"मुलं कधी कधी उशिरा बोलतात हो, त्यात काय एवढं!" हे वाक्य मला ऐकवणाऱ्या माणसाच्या तोंडाला आठ महिने चिकटपट्टी लावावी आणि मग विचारावं, आता सांगा, काय एवढं? निवृत्त झाले तरी माझा हा राग गेलेला नाही. संपादकांनी लहान मुलांच्या गमतीजमती लिहून पाठवा म्हणून कळवलंय. एक-दोन आहेत, त्या सांगते. पण हा लेख मुळात एका चुकीबद्दल आहे आणि ती चूक माझी आहे. आधीच कबूल करून टाकते. म्हणजे पुढे मी इतरांना फैलावर घेईन तेव्हा ही बाई स्वतःला कोण समजते, असं तुम्हांला वाटायला नको.

कुंभकोणमला एका खाजगी इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर आमचं बालविकास केंद्र होतं. जन्मापासून पाच वर्षांपर्यंतची मुलं यायची. मान धरत नाही, नजर देत नाही, चालत नाही, बोलत नाही, अशी. माझं काम जमिनीवर चटई टाकून त्यांच्यासमोर बसायचं. सोबत एक पत्र्याची पेटी. तीत लाल लोकरीचा गोंडा, लाकडी ठोकळे, दोन पेले, एक बाहुली, आरसा आणि एक लहानशी घंटी. गोंडा हलवला की तान्ह्याची नजर त्याच्यामागे जाते का ते बघायचं. ठोकळा पेल्याखाली झाकला की मूल काय करतं ते बघायचं. अगदी लहान असतं तेव्हा ठोकळा झाकला म्हणजे संपला, त्याच्या दृष्टीनं तो जगातूनच गेला. आणि मग एक दिवस ते हात पुढे करून पेला उचलतं. दिसत नाही ती वस्तू आहेच, हे त्याला कळलेलं असतं. मला तो क्षण दर वेळी बघताना अंगावर काटा यायचा. आणि नेमकं तेव्हाच मागून बापाचा आवाज यायचा, "मॅडम, खेळणं झालं असेल तर तपासणी सुरू करणार का?"

कपाळ माझं!

पापनाशमहून एक इंजिनिअर गृहस्थ आले होते. मुलगी सहा महिन्यांची. पिशवीतून त्यांनी पत्त्यांच्या कॅटसारखा जाड गठ्ठा काढला. प्रत्येक कार्डावर एका देशाचा झेंडा आणि मागे राजधानी. रोज सकाळ-संध्याकाळ हे गृहस्थ ती कार्डं मुलीच्या डोळ्यांसमोर भराभरा नाचवायचे. तक्रार काय, तर मुलगी "रिस्पॉन्स देत नाही". मुलगी बिचारी कार्डाचा कोपरा तोंडात घालायला धडपडत होती आणि हे तो ओढून घेत होते. मी म्हटलं, "चाटू द्या. तिचा अभ्यास तोच आहे." ते म्हणाले, "पण पहिल्या दोन वर्षांतच मेंदू घडतो ना, मॅडम? म्हणून तर वेळ घालवत नाही." मी विचारलं, "तुम्ही तिच्याशी बोलता का?" तर म्हणाले, "काय बोलणार? तिला कुठं काय समजतं?" म्हणजे राजधान्या समजतात आणि बापाचं बोलणं समजत नाही! मी तो गठ्ठा माझ्या कपाटात घातला आणि कुलूप लावलं. पुढच्या खेपेला परत मागितला नाही त्यांनी, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते.

त्याच आठवड्यात चोळपुरमची सेल्वी आली. शेतात मजुरीला जाणारी पोर, कडेवर दीड वर्षाचं मूल, सर्दी दाखवायला खाली आली होती, ती चुकून वर आमच्याकडे चढली. "मला काही शिकवता येत नाही हो याला, मी अडाणी," म्हणून रडवेली झाली. आणि हे सांगताना तिचं मुलाशी अखंड चाललेलं. तो कावळ्याकडे बघून "आं" करायचा, ही म्हणायची, "हो रे, आला बघ, भात मागतोय, देऊ या का?" तो थांबायचा, विचार केल्यासारखं करायचा, परत "आं" करायचा. परत ही बोलायची. त्याच्या प्रत्येक हुंकाराला हिचं उत्तर. मेंदू यातूनच घडतो. मुलानं काहीतरी टाकायचं आणि समोरच्यानं ते झेलून परत द्यायचं, दिवसातून शेकडो वेळा. मी तिला म्हटलं, "तू अडाणी नाहीस, तू इथं येऊन आमच्या डॉक्टरांना शिकव." ती लाजून पळाली.

आणि एक राग काढूनच टाकते. आमच्या जवळच तिरुक्करुगावूरला गर्भ राखणाऱ्या देवीचं देऊळ आहे. लांबलांबून बायका येतात, देवीचं तूप घेऊन जातात. माझी त्याला काडीची हरकत नाही, माझ्या आईनंही ते तूप खाल्लेलं आहे. पण नऊ महिने हे खाऊ नको, तिथे वाकू नको, म्हणून जिवापाड जपलेलं मूल बाहेर आलं की चौथ्या महिन्यात त्याच्यासमोर मोबाईल उभा करून देतात, का तर गप्प बसतं! देवीनं तुमच्या ओटीत घालेपर्यंत सांभाळलं, पुढचं कुणी सांभाळायचं? हे मी एका सासूबाईंना तोंडावर विचारलं होतं. माझी तक्रार झाली इस्पितळाकडे. होऊ दे.

आता रुक्कूचं सांगते.

त्याआधी माझ्याबद्दल दोन ओळी हव्यात, नाहीतर चूक कशी झाली ते कळणार नाही. आम्ही तंजावरकडचे मराठी. आमचे पूर्वज राजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी तुमच्यापासून कधीच तुटलेली, म्हणून जुनी. मी वाचादोषांवरच्या उपचारांचं शिक्षण घ्यायला पुण्याला गेले तेव्हा खानावळीच्या बाई माझं बोलणं ऐकून पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "ही पोरगी बखरीतून उठून आली की काय!" मी दोन वर्षांत पुण्याची मराठी शिकून घेतली, जिच्यात आता हे लिहितेय. पण ते हसू मनात रुतून बसलं. तेव्हापासून आमच्या घरच्या बोलीला कुणी नाव ठेवलं की मी पिसाळते. सरळ शब्दांत सांगते, पिसाळते.

रुक्कू म्हणजे रुक्मिणी. माझ्याकडे आली तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. एकही शब्द बोलत नव्हती. सोबत आई भार्गवी आणि आजोबा भुजंगराव. वडील चेन्नईला नोकरीला, शनिवार-रविवारी येणारे. भुजंगरावांचं देवळाच्या पूर्वेकडच्या रस्त्यावर पितळी भांड्यांचं दुकान. आमच्यातलेच लोक, पण माझी त्यांची ओळख नव्हती. भार्गवीनं एका मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. नाव सांगत नाही, त्यांच्या दारात अजून रांग लागते. चिठ्ठीत एकच सल्ला होता: घरी दोन-तीन भाषा बोलल्यामुळे मुलीचा गोंधळ उडतो आहे, मराठी ताबडतोब बंद करावी, शाळेच्या दृष्टीनं फक्त इंग्रजी बोलावं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण हे साफ खोटं आहे. तेव्हाही होतं, आजही आहे. दोन भाषांनी कुठल्याही मुलाचा मेंदू नासत नाही. आमच्या गल्लीत मुलं आईशी मराठी, शेजारणीशी तमिळ आणि शाळेत इंग्रजी बोलत मोठी झाली, कुणी मुकं राहिलं नाही. आणि ज्या आजोबांना इंग्रजी येतच नाही त्यांना इंग्रजी बोला म्हणायचं म्हणजे गप्प बसा म्हणायचं. भार्गवीनं सांगितलं की पंधरा दिवस घरात खरंच तसंच चाललं होतं. भुजंगराव नातीला मांडीवर घेऊन नुसते बसायचे.

"येक शब्द बोललों नाहीं हो बाई, पंधरा दिवस," ते म्हणाले. "भीती वाटे, पोरीचें कांहीं बिघडवलों तर."

ते ऐकलं आणि मला भडभडून आलं, आणि संतापही आला. मी ती चिठ्ठी घेतली आणि त्यांच्यासमोर फाडली. म्हटलं, "बोला! आजपासून मराठीच बोला. सकाळपासून झोपेपर्यंत बोला. कोण काय करतं बघते मी."

आता नीट ऐका. आमच्या केंद्रात एक नियम होता. न बोलणारं मूल आलं की पहिल्यांदा कान. बाकी सगळं नंतर. कानाची खरी तपासणी करणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं, त्यासाठी तंजावरला पाठवावं लागायचं, दिवस मोडायचा, लोक कुरकुरायचे. तरी पाठवायचंच. हा नियम मीच केलेला. हाताखालच्या मुली एकदा जरी विसरल्या तरी मी त्यांना रडेपर्यंत बोलायचे.

त्या दिवशी मी विचारलं, नाही असं नाही. "ऐकू येतं ना तिला?" भुजंगराव हसले. त्यांनी पिशवीतून पितळेचं ताट काढलं, दुकानातलंच, आणि एक डाव. रुक्कूच्या मागे जाऊन ताटावर दणकन डाव मारला. रुक्कू गर्रकन वळली. "ताट वाजवून पाह्यलों आहों, बाई. दुकानांत दिवसभर ठणठणाट, पोर प्रत्येक वेळीं वळते." इकडे घरोघर हीच परीक्षा असते. भांड्यांच्या दुकानवाल्याच्या घरी तर दिवसातून पन्नास वेळा होते.

आणि मी कागदावर लिहिलं: श्रवण ठीक.

पेटीत घंटी होती. ती मी वाजवली नाही. माझं लक्ष त्या फाडलेल्या चिठ्ठीकडे होतं. मला त्या डॉक्टरांना खोटं पाडायचं होतं. समोर बसलेली मुलगी मी पाहिलीच नाही. मला दिसत होती ती माझी भाषा, आणि तिच्यावर कुणीतरी हात टाकलाय एवढंच.

पुढचे आठ महिने रुक्कू आठवड्यातून दोनदा येत होती. काय हुशार पोर होती! भार्गवी आठ-दहा डबे आणि त्यांची झाकणं ओतायची, ही बरोब्बर ज्याचं झाकण त्याला लावायची, एकदाही चुकायची नाही. एकात एक बसणारी पातेली तीन वर्षांच्या मुलांच्या आधी रचायची. मी हात पुढे करून "झाकण दे" म्हटलं की झाकण, "बाहुली दे" म्हटलं की बाहुली. मी सगळ्यांना दाखवायचे. "बघा, मराठी समजतंय की नाही सगळं? बोलेल, बोलेल." सहा महिन्यांची असताना ती बडबड करायची ना, बा-बा, दा-दा, तीही पुढे हळूहळू कमी झाली, असं भार्गवीनं दोनदा सांगितलं. दोनदा! ही गोष्ट ऐकली की शिकाऊ मुलगीसुद्धा ताडकन उठून उभी राहते. तान्ही मुलं ऐकू येत नसलं तरी बडबडतात, आणि स्वतःचाच आवाज कानावर येत नाही म्हणून पुढे गप्प होत जातात. मी काय म्हणाले माहितेय? "मुलं कधी कधी उशिरा बोलतात गो, त्यात काय एवढं."

हो. मीच म्हणाले.

मग एकदा मला सर्दी झाली. मुलांना लागू नये म्हणून तोंडावर मास्क बांधला. रुक्कू समोर डबे लावत बसली होती, मी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहीत होते. तसंच म्हटलं, "रुक्कू, झाकण दे." काही नाही. परत म्हटलं. परत काही नाही. तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात म्हटलं तेव्हा तिनं माझा पेन हलताना थांबलेला पाहिला असावा. ती उठली, माझ्याजवळ आली, हनुवटीला धरून माझं तोंड वर केलं आणि मास्क खाली ओढला. मग माझ्या ओठांकडे टक लावून बघत उभी राहिली. आता बोल, अशी.

आठ महिने ती झाकण माझ्या नजरेवरून देत होती, माझ्या हातावरून देत होती, ओठांवरून देत होती. जी हुशारी मी चारचौघांना दाखवत होते ना, त्या हुशारीनंच तिनं आपलं बहिरेपण आम्हां सगळ्यांपासून झाकलं होतं. मी भार्गवीला तिच्या मागे उभं केलं, हाक मारायला लावली. एकदा, दोनदा, पाचदा. रुक्कू डबे लावत राहिली. मग मी पेटीतून घंटी काढली आणि तिच्या डोक्यामागे वाजवली. रुक्कूनं पुढचं झाकण उचललं. भार्गवी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांना घेऊन तंजावरला गेले. तपासणाऱ्या मुलीनं आलेख काढून दाखवला. मोठे, जाड आवाज तेवढे पोचत होते, तेही जवळून आणि जोरात. माणसाचं बोलणं त्याच्या कितीतरी खाली. त्यातले क, स, ट, च असले बारीक आवाज तर तिच्यापर्यंत मुळीच येत नव्हते. डोक्यामागे हातभर अंतरावर पितळेच्या ताटावर डाव घातला तर ती वळणारच. त्यातून एवढंच कळतं की मुलीला ताट ऐकू येतं. ताट बोलत नसतं.

बाहेरच्यांना समजावं म्हणून सांगते. मेंदूत ऐकण्यासाठी जागा असते, पण ती कुणी कायमची नावावर करून दिलेली नसते. बाजारात गाळा बरेच दिवस बंद दिसला की शेजारचा दुकानदार हळूच आपली पोती तिथे सरकवतो, तसं चालतं. आवाज आला नाही तर बघण्याचं काम त्या जागेत पाय पसरतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत जागा परत मागितली तर मिळते. पुढे पुढे अवघड होत जातं. तिथे आठ महिने म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी दुसऱ्यांना शिकवत होते!

मी दुकानात गेले आणि दोघांसमोर उभी राहून सांगितलं. नियम काय होता, मी काय केलं नाही, का केलं नाही. भुजंगराव तराजूच्या मागे बसून वजनं एकावर एक रचत राहिले. भार्गवीनं मात्र मला पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाली, "तुम्हांस मराठी राखायची होती, अक्का. मला माझी लेक."

ते डॉक्टर चुकले ते माहिती नव्हती म्हणून, आणि कान त्यांनीही तपासले नाहीत, त्यांना मी कधी माफ करणार नाही. पण मला माहिती होती. मी चुकले ती ताठ्यानं.

भार्गवीनं कागदपत्रांची प्रत मागितली. तेव्हा आमच्या इस्पितळाचे व्यवस्थापक मला खोलीत बोलावून, दार लावून म्हणाले, "त्या 'श्रवण ठीक'च्या ओळीखाली जरा जागा आहे. 'पालकांना श्रवणतपासणी सुचवली होती' एवढं लिहून टाका. तुमच्याच भल्याचं सांगतोय." अगदी चहा पुढे करत म्हणाले हो! माझ्या हाताखालच्या मुलींनी असं काही केलं असतं तर? मी म्हटलं, "ती बाई दोनदा येऊन सांगत होती की पोर गप्प होत चाललीय. आणि मी तिच्याच माथी मारू?" चहा तसाच ठेवून आले. कागद होता तसा दिला, 'श्रवण ठीक' माझ्या अक्षरात. नोकरी गेली नाही, पण त्यानंतर मला कुणी चहाला बोलावलं नाही. बरंच झालं.

रुक्कूला दोन्ही कानांना यंत्रं बसली. पहिल्या दिवशी तिनं ती ओरबाडून फेकली. साहजिक होतं, एवढ्या शांततेत वाढलेल्या पोरीच्या कानात अख्खं भांड्यांचं दुकान शिरलं. भार्गवीनं नोकरी सोडली, आठवड्यातून तीन दिवस तिला घेऊन तंजावरला जायची. तिथल्या बाईंनी सांगितलं, आता वेळ थोडा आहे, एकच भाषा धरा, जी शाळेत आणि गल्लीत कानावर पडेल ती. तमिळ.

हेही मला पटलेलं नाही. यंत्र लावलेली मुलं दोन भाषा शिकतात, शिकलेली मी पाहिली आहेत. मी भुजंगरावांना गाठून सांगायला गेले. म्हटलं, "तुमच्या तोंडात जी आपसूक येते तीच बोला, तीच तिला लागेल." त्यांनी हातातली समई पुसून बाजूला ठेवली. आवाज चढवला नाही.

"येकदां ऐकलों तुमचें," ते म्हणाले.

मी दुकानाची पायरी उतरले. या खेपेला माझंच बरोबर होतं, आणि ते बोलायचा अधिकार मी स्वतःच्या हातानं घालवला होता. याचा राग कुणावर काढायचा?

त्यानंतर त्या रस्त्यानं जायचंच मी टाळलं. निवृत्त झाल्यावर एक दिवस मात्र पाय तिकडे वळले. रुक्कू चार वर्षांची झालेली. कानांमागे दोन लाल यंत्रं, दुकानाच्या पायरीवर चढ-उतर चाललेली. तिला दिसणार नाही अशी मी घागरींच्या उतरंडीआड उभी राहिले.

एक गोष्ट तोवर माझ्या डोक्यातच आली नव्हती. भुजंगरावांचं तमिळ उत्तम, जन्म गेला त्यात. पण ते दुकानातलं. लहान मुलाशी ते आयुष्यात कधी तमिळ बोलले नव्हते. त्यांची आई त्यांच्याशी मराठीत बोलली, ते मुलाशी मराठीत बोलले. लाड, दटावणी, झोपवणं, सगळं मराठीत. तमिळमध्ये त्यांना येत होतं ते गिऱ्हाइकाशी अदबीनं बोलणं. आणि ते नातीशी तसंच बोलत होते. रुक्कूचा पाय घसरला, ती आपटली. "अगो माझी बा..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि तोंड मिटलं. मग तिच्या समोर वाकून, तिला ओठ दिसतील असे, सावकाश तमिळमध्ये विचारलं, "पडलात का तुम्ही? लागलं का फार?"

चार वर्षांच्या पोरीला, अहो-जाहो.

तिनं मान हलवली, गुडघा चोळला आणि तेवढ्यात तिला मी दिसले. ओळखलं नसावं. कशी ओळखणार? आजोबा करतात तशी कमरेवर हात ठेवून ती पुढे आली आणि म्हणाली, "वांग. एन्न वेणुम्?" या, काय हवंय? स तिचा अजून घसरत होता, च जमत नव्हता, पण हे तीन शब्द लख्ख होते. 'वेणुम्'मधला ण मी तीस वर्षं मुलांकडून घोटवून घेतलाय, इतका स्वच्छ थोड्यांचाच यायचा.

भुजंगराव माझ्याकडे बघत होते. त्यांनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

रुक्कू वाट बघत होती. माझ्या जिभेवर शब्द आले होते. आईकडून आले तसेच, आमचे, जुने: अगो रुक्कू, येवढी मोठी झालीस? ते मी गिळले. तिच्यासमोर उकिडवी बसले, माझं तोंड तिच्या तोंडासमोर येईल अशी, आणि तमिळमध्ये म्हणाले, "एक लहान तांब्या दाखवा."